पहिलं पाणी

पिंपळनेरला थंडी धरणावरून येते.
लाटीपाड्याच्या भिंतीवर अर्धी रात्र बसते,
मग उतरून थेट आमच्या ओट्याशी उभ्या
टेम्पोत शिरते.
माणसांचा नंबर त्यानंतर.

रत्नाचे वडील किल्ली फिरवायचे.
आत कुणी म्हातारा खोकायचा,
खोकायचा, खोकायचा,
गप्प.
मागे वीस क्रेट मिरची, अकरा पोती वालपापडी,
आणि सुरतेचा बाजार आठाला भाव फोडून मोकळा.
मग हाक: "उठ वं, पानी ठेव."

अठरा हिवाळे.
चुलीत पऱ्हाट्या, वर हंडा.
पहिलं पाणी गाडीला.
ते खालच्या नळीतून रात्रीचं गार पाणी सोडायचे,
मी वरून चरवीनं ओतायचे, जपून,
रेडिएटरच्या तोंडात.
वाफ गालांवर यायची, तेवढाच मला शेक.
दुसरं पाणी म्हशीच्या आंबोणाला.
तिसरं त्यांच्या अंघोळीला.
चौथं कधी कोमट उरायचं,
कधी नुसताच हंडा.

एका माघात पाण्यानंही भागेना,
तेव्हा त्यांनी घमेल्यात निखारे घेतले
आणि चेंबरखाली सरकवले.
वायरिंग जळालं. मिरची वाचली.
गल्ली धावत आली,
आधी हात शेकून घेतले, मग माती टाकली.

सुपडू आप्पा लेहला होते, फौजेच्या वर्कशॉपात.
तिथं म्हणे डिझेल तुपासारखं थिजतं,
तिथं इंजिनाला रात्री उपाशी ठेवत नाहीत.
त्यांनीच आणली कुठल्याशा भंगारातून
दुधाच्या किटलीएवढी ती डबी.
खालची नळी कापली, मध्ये डबी बसवली,
दोन क्लिपा आवळल्या, हिरवं कूलंट भरलं
आणि काळी वायर खिडकीतून आत घेतली,
मिक्सरच्या बोर्डापर्यंत.
"काही नही वं बाई," म्हणाले,
"गरम पाणी आपसूक वर चढतं, गार खाली येतं.
फिरू दे त्याचं त्याला.
पुरेसं तापलं की डबी आपणच थांबते.
निघताना वायर काढा म्हणजे झालं."

तिसऱ्याच दिवशी काढायची राहिली.
आमचा बोर्ड चरणमाळचा घाट बघून आला.

पण पहिली पहाट सांगायची राहिली.
त्या दिवशी ते अंगणात यायच्या आधी
मी बॉनेट उचलून आत हात घातला.
कोंबडी उठून गेल्यावर
खुराड्यातल्या पेंढ्याला असते ना,
तेवढी ऊब.
मग ते आले. किल्ली अर्धीच फिरली असेल,
गाडी बोलली.
एका शब्दात. खोकला नाही, काही नाही.
त्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं,
जसं मीच काही केलं होतं.

टेम्पो गेला. मागचा लाल दिवा
मारुतीच्या पारापाशी वळला.
दारात मी, हातात रिकामी चरवी.
साडेतीन.
आता हाक येणार नव्हती,
तरी जाग आपली आलेली.
तिची वायर कोण काढणार?

आत चुलीवर
सवयीनं ठेवलेला हंडा उकळून
झाकण वाजवत होता.
म्हैस झोपलेली. रत्ना झोपलेली.
गाडीला नको होतं ते.
मी थोडा वेळ नुसती उभी राहिले,
कुणी विचारेल की काय म्हणून.
मग मोरीचा पडदा ओढला,
बादलीत विसण घातलं,
आणि पहिलं पाणी,
तांब्या काठोकाठ भरून,
घेतलं खांद्यावर.

मग दुसरंही.